चिरलेलं वांगं काळं का पडतं, आणि त्यावरून पाण्यातलं फिनॉल कसं मोजतात

भरली वांगी करायची असली की आमची आई विळी काढायच्या आधी पातेल्यात पाणी घ्यायची आणि त्यात मीठ टाकायची. चीर दिलेलं वांगं थेट त्या पाण्यात जायचं. मध्येच दारावर कुणी आलं आणि दोन-चार फोडी ताटात तशाच राहिल्या, तर परत येईपर्यंत त्यांच्या कडा तपकिरी झालेल्या असायच्या. सफरचंदाचं, बटाट्याचं, केळ्याचंही असंच होतं. आपण म्हणतो, ‘हवा लागली.’ ते अगदी खरं आहे, पण हवा एकटी काही करू शकत नाही. करणारा वांग्याच्या आतच बसलेला असतो.

वांग्याच्या पेशीत फिनॉल जातीचे रेणू एका कप्प्यात असतात आणि एक एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. (शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात, बोलताना सगळे एन्झाइमच म्हणतात, म्हणून इथेही तेच.) सुरी फिरली की कप्प्यांच्या भिंती फुटतात आणि दोघांची गाठ पडते. एन्झाइम हवेतला ऑक्सिजन घेतं, त्या फिनॉलचं क्विनोन नावाच्या रेणूत रूपांतर करतं, आणि ही क्विनोनं एकमेकांना चिकटत जाऊन तो तपकिरी-काळा रंग तयार होतो. अळंब्यांमध्ये याच कामाचं टायरोसिनेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं. आपल्या त्वचेला आणि केसांना काळेपणा देणारं मेलॅनिन तयार होण्याची सुरुवातसुद्धा टायरोसिनेजच करतं.

आता हाच प्रकार उलट बाजूने बघा. जिथे फिनॉल आहे तिथे हे एन्झाइम कामाला लागतं, फिनॉल नसेल तर गप्प बसतं. म्हणजे ते कामाला लागलं की नाही, आणि किती जोरात लागलं, एवढं कळलं तर फिनॉल किती आहे ते कळेल. फिनॉल ओळखणारे जैवसंवेदक, म्हणजे एन्झाइमसारखी सजीवांतली गोष्ट वापरून मोजणारी साधनं, एवढ्या एका विचारावर उभे आहेत. विचार सोपा आहे. अवघड आहे ते त्या एन्झाइमला बसायला नीट जागा करून देणं, आणि या लेखातला मोठा भाग त्या जागेबद्दलच आहे.

पण आधी फिनॉल मोजायचंच कशाला, ते सांगते. फिनॉल हे एका मोठ्या कुटुंबाचं नाव आहे. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल, हळदीतलं कर्क्युमिन, चहाला तुरटपणा देणारी द्रव्यं, हे सगळे त्या कुटुंबातले चांगले सदस्य. फरशी पुसायच्या काळ्या फिनेलचा तो ओळखीचा उग्र वास त्याच कुटुंबातल्या, डांबरापासून मिळणाऱ्या सदस्यांचा. साधं फिनॉल, म्हणजे कार्बोलिक आम्ल, जोसेफ लिस्टर यांनी 1865 मध्ये ग्लासगोत जखमेवर वापरलं आणि शस्त्रक्रियेनंतर जखम सडून माणसं मरायची ती कमी होऊ लागली. जंतू मारणारी हीच गोष्ट पाण्यात गेली की मासे मारते. तेल शुद्धीकरण, कोक भट्ट्या, प्लायवूडचे रेझिन, रंग, कागद अशा अनेक धंद्यांच्या सांडपाण्यात ती असते.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस 10500. त्यात फिनॉलवर्गीय संयुगांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे 0.001 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 0.002. आकडा वाचून काही डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून असं समजा: गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे आणि त्या अख्ख्या टाकीत मिळून एक मिलिग्रॅम, साधारण साखरेच्या एका बारीक दाण्याइतकं. मर्यादा इतकी कडक असण्यामागे एक कारण चवीचंही आहे. आपण पाण्यात क्लोरीन घालतो. क्लोरीन आणि फिनॉल भेटले की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि त्यांचा औषधी, दवाखान्यासारखा वास अत्यल्प प्रमाणातही जिभेला आणि नाकाला कळतो.

इतकं कमी फिनॉल प्रयोगशाळेत मोजायची जुनी, भरवशाची पद्धत आहे. आधी पाण्याचं ऊर्ध्वपातन करायचं, मग त्यात अमिनोअँटिपायरिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड घालायचं. फिनॉल असेल तर लालसर रंग येतो. प्रमाण फारच कमी असेल तर तो रंग क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घेऊन मोजायचा. एका नमुन्यामागे काचेची भांडी, रसायनं, आणि शिकलेल्या माणसाचे बरेच तास जातात. शिवाय या पद्धतीचा एक दोष आहे: पॅराक्रेसॉलसारखी काही फिनॉलं तिला दिसतच नाहीत. आणि नमुना नाल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नाल्यातून पुष्कळ पाणी वाहून गेलेलं असतं.

जैवसंवेदक म्हणजे काय हे कळायला घरातल्या साखर तपासायच्या यंत्राकडे बघा. त्याच्या पट्टीच्या टोकाला एन्झाइमचा वाळवलेला पातळ थर असतो. रक्ताचा थेंब लागला की एन्झाइम त्यातल्या ग्लुकोजवर काम करतं, त्या कामात इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते, आणि यंत्र तो विजेचा सूक्ष्म प्रवाह वाचून आकडा दाखवतं. याचा उगम लिलँड क्लार्क यांच्याकडे जातो. त्यांनी 1956 मध्ये ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड (द्रवात बुडवायचं, वीज देणारं-घेणारं टोक) जगासमोर मांडला आणि 1962 मध्ये सहकारी लायन्स यांच्यासह सुचवलं की त्याच्या तोंडाशी एन्झाइम अडकवून ठेवलं तर ग्लुकोज मोजता येईल. ग्लुकोजच्या एन्झाइमच्या जागी टायरोसिनेज ठेवलं, की फिनॉलची पट्टी. मधल्या काळात तर शास्त्रज्ञांनी एन्झाइम वेगळं काढायचेही कष्ट न घेता थेट केळ्याचा गर इलेक्ट्रोडला लावून पाहिला. 1985 मध्ये सिडवेल आणि रेक्निट्झ यांनी त्या साधनाला ‘बनानाट्रोड’ असंच नाव दिलं होतं. ते मेंदूत निरोप पोचवणारं डोपामिन मोजायचं. डोपामिनचा रेणूही याच कुटुंबातला.

वर्गात मी हा भाग शिकवते तेव्हा बटाटा बर्फाच्या पाण्यात वाटून गाळून घेते. एक वाटी रस तसाच, दुसरी उकळून गार केलेली. दोन परीक्षानळ्यांत कॅटेकॉलचं, म्हणजे फिनॉल कुटुंबातल्याच एका सदस्याचं, स्वच्छ, पाण्यासारखं द्रावण असतं. दोन्हींत थोडा थोडा रस. कच्चा रस घातलेली नळी बघता बघता पिवळी होते, मग नारिंगी, मग गढूळ तपकिरी. उकळलेल्या रसाची नळी तासाभरानेही तशीच. मुलं या दुसऱ्या नळीकडे जास्त वेळ बघतात, आणि ते बरोबर आहे. उष्णतेने एन्झाइमची घडी मोडते आणि घडी मोडलेलं एन्झाइम नुसतं प्रथिन उरतं. पुढे सगळी धडपड ती घडी टिकवण्याचीच आहे.

नळीत पिवळा रंग दिसला तो क्विनोनचा. संवेदकात आपण रंगाची वाट बघत नाही. टायरोसिनेज साध्या फिनॉलवर आधी एक ऑक्सिजन अणू बसवून त्याचं कॅटेकॉल करतं, मग कॅटेकॉलचं क्विनोन. हे क्विनोन शेजारच्या इलेक्ट्रोडला भिडलं की इलेक्ट्रोड त्याला दोन इलेक्ट्रॉन देतो आणि त्याचं पुन्हा कॅटेकॉल होतं. ते कॅटेकॉल एन्झाइमच्या हाती परत लागतं, पुन्हा क्विनोन, पुन्हा इलेक्ट्रोड. रहाटगाडग्यासारखं हे चालू राहतं. दरेक फेरीला इलेक्ट्रोडमधून दोन इलेक्ट्रॉन जातात, म्हणजे एकाच रेणूची मोजणी कितीतरी वेळा होते. इतक्या विरळ फिनॉलचा प्रवाह यंत्राला दिसतो तो या गाडग्यामुळे.

आणखी एक फायदा आहे, तो चटकन लक्षात येत नाही. एन्झाइम न वापरता फिनॉल थेट इलेक्ट्रोडवर जाळायचं तर बराच जास्त धन विद्युतदाब लागतो. त्या दाबाला पाण्यातल्या इतर गोष्टीही जळू लागतात आणि फिनॉल स्वतः इलेक्ट्रोडवर चिकट थर होऊन बसतं. काही वेळातच इलेक्ट्रोड आंधळा. एन्झाइम मध्ये असलं की शून्याच्या आसपास, किंचित ऋण दाबावर काम भागतं, साधारण उणे 0.2 व्होल्ट. तिथे बाकीची मंडळी बहुतेक शांत असतात.

आता जागेचा प्रश्न. एन्झाइमचा थेंब इलेक्ट्रोडवर नुसता टाकला तर पाण्यात बुडवताच तो धुऊन जातो. उघड्या धातूला घट्ट चिकटला तर घडी उलगडून मरतो. जाड जेलमध्ये घातला तर जिवंत राहतो, पण फिनॉलला आत यायला वेळ लागतो आणि तयार झालेलं क्विनोन इलेक्ट्रोडपर्यंत पोचण्याऐवजी भलतीकडे भटकतं. म्हणून थर पातळ हवा, इतका पातळ की एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांच्यात अंतरच उरू नये, आणि तरी एन्झाइमला आपलं नेहमीचं वातावरण मिळावं. पेशीत एन्झाइमं ज्या पडद्यांच्या सान्निध्यात राहतात ते पडदे स्निग्ध रेणूंचे असतात. तसाच पडदा बाहेर बनवता आला तर?

तो बनवायची विद्या या संवेदकांच्या कितीतरी आधीची आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपममध्ये तळ्यावर चहाचा एक चमचा तेल ओतलं. ते पसरत गेलं आणि जवळजवळ अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे पाणी आरशासारखं निवांत झालं. 1774 मध्ये त्याची हकीकत छापून आली. आता भागाकार करू. पाच घनसेंटीमीटर तेल वीस गुंठ्यांवर पसरलं तर थराची जाडी येते सुमारे अडीच नॅनोमीटर, म्हणजे साधारण एका तेलाच्या रेणूच्या लांबीइतकी. फ्रँकलिन यांनी हा भागाकार केला नाही. रेणू मोजण्याचा तो काळच नव्हता. पण मला हे उदाहरण फार आवडतं, कारण गुंठा आणि चमचा या दोन घरगुती मापांतून रेणूची उंची हाताला लागते.

पुढचं पाऊल पुन्हा स्वयंपाकघरात पडलं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पोकेल्स घर सांभाळत होत्या, त्यांना विद्यापीठात शिकायला मिळालं नव्हतं. भांडी धुताना पाण्यावर तेलकटपणा पसरला की पृष्ठभाग कसा वागतो हे त्या बघत राहिल्या. पाणी भरलेली उथळ पन्हाळ आणि त्यावर सरकवायची पट्टी, एवढ्या साहित्यात त्यांनी वर्षानुवर्षं मापं घेतली. 1891 मध्ये त्यांनी इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांना पत्र लिहिलं, आणि रेले यांनी ते ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापवून आणलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत याच रचनेच्या पन्हाळीला अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअर यांचं नाव आहे. लँगम्युअर यांचं काम मोठंच आहे, पण हे नाव उच्चारताना मला पोकेल्स आठवतात आणि वर्गातही मी त्यांचं नाव आधी घेते. अमेरिकेत लँगम्युअर यांच्यासोबत काम करणाऱ्या कॅथरीन ब्लॉजेट यांनी पाण्यावरचा हा एका रेणूचा थर काचेवर उचलून घ्यायची आणि थरावर थर चढवायची रीत बसवली. 1938 मध्ये त्यांनी असे 44 थर चढवून काचेवरची चकाकी घालवली. म्हणून या थरांना लँगम्युअर-ब्लॉजेट थर म्हणतात.

हे काम मी एका प्रयोगशाळेत जवळून पाहिलं आहे. पांढऱ्या टेफ्लॉनची बोटभर खोलीची पन्हाळ, काठोकाठ शुद्ध पाणी. बारीक सिरिंजने क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेलं स्निग्ध आम्ल थेंब थेंब पाण्यावर ठेवतात. ‘टाकतात’ म्हणणं चूक होईल, थेंब पाण्याला टेकवायचा असतो. बहुधा ते अ‍ॅरॅकिडिक आम्ल असतं. शेंगदाण्याच्या तेलात ते थोडं सापडतं आणि त्याचं नावही शेंगदाण्याच्या शास्त्रीय नावावरून आलं आहे. क्लोरोफॉर्म उडून जातो. पाण्यावर काहीच दिसत नाही. मग पट्टी हळूहळू आत सरकू लागते, पसरलेले रेणू दाटीवाटीने उभे राहतात, पाणी आवडणारं डोकं खाली आणि तेलकट शेपूट वर, वारीत माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात तशी. संगणकावर दाबाची रेघ आडवी चाललेली असते, ती एकदम चढू लागते. ठरलेल्या दाबाला पट्टी थांबते. टायरोसिनेज खालच्या पाण्यात मिसळलेलं असतं. ते येऊन या स्निग्ध पडद्याला बिलगतं. मग काचेची चकती, मोबाइलच्या पडद्यावर असतो तसा पारदर्शक वीजवाहक थर दिलेली, मिनिटाला काही मिलिमीटर अशा वेगाने खाली उतरते आणि वर येते. प्रत्येक फेरीला थर चढत जातात. खोलीतलं कुणी मोठ्याने बोलत नाही, कारण हवेची झुळूक किंवा धुळीचा कण सगळं बिघडवतो.

टायरोसिनेजचा रेणू या एका थराच्या उंचीपेक्षा मोठा आहे, त्यामुळे तो पडद्यात अर्धवट रुतून बसतो. हा पडदा पेशीतल्या पडद्यांसारखाच स्निग्ध, म्हणून तो इथे रमतो.

राहिलं ते इलेक्ट्रॉनांना वाट दाखवणं. स्निग्ध आम्ल वीज वाहत नाही. त्यासाठी त्याच थरात एक मध्यस्थ मिसळतात. स्पेनमधल्या वायादोलिद विद्यापीठात मारिया लुस रोद्रिगेस-मेंदेस यांच्या गटाने ल्युटेशियम बिसथॅलोसायनिन वापरलं. थॅलोसायनिनं म्हणजे छपाईच्या शाईत आणि रंगात जी गडद निळी-हिरवी द्रव्यं असतात ती. दोन थॅलोसायनिनच्या चकत्या आणि मध्ये ल्युटेशियमचा अणू, भाकरीच्या दोन पापुद्र्यांत काही दडपावं तसा. हा रेणू इलेक्ट्रॉन सहज घेतो आणि सहज सोडतो. वायादोलिद हा वाइनचा मुलूख. लाल वाइनचा रंग, तुरटपणा, टिकाऊपणा सगळा फिनॉलांवर अवलंबून, तेव्हा त्या गटाने असे अनेक संवेदक एकत्र जोडून वाइन ‘चाखणारी’ इलेक्ट्रॉनिक जीभ तयार केली. एकेक संवेदक वेगवेगळ्या फिनॉलांना कमी-अधिक प्रतिसाद देतो आणि सगळ्यांच्या आकड्यांतून वाइनची ओळख पटते. आपल्याकडे नाशिकला द्राक्षाची वाइन होते, तिथल्या पिंपातला प्रश्नही रसायनाच्या दृष्टीने हाच आहे.

या थरांखेरीज इतर रीतीही आहेत. कोळंबीच्या सालापासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये एन्झाइम कोंडतात, किंवा धन आणि ऋण भाराचे थर आलटून पालटून चढवतात. त्या स्वस्त आहेत, लवकर होतात, आणि बाजारात पट्टी आली तर बहुधा यांपैकीच एखाद्या रीतीची येईल. पण एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांच्यात नेमकं काय चाललंय हे रेणूच्या पातळीवर मोजून समजून घ्यायचं, तर पन्हाळीला पर्याय नाही असं माझं मत आहे.

आता परत आईच्या पातेल्याकडे. वांगं काळं पडू नये म्हणून आपण काय काय करतो? मिठाचं पाणी: मिठातले क्लोराइड एन्झाइमला अडवतात. लिंबू: आंबटपणा वाढला की टायरोसिनेज मंदावतं, आणि लिंबातलं जीवनसत्त्व क तयार झालेल्या क्विनोनला परत मागे ढकलतं. पाण्यात बुडवणं: ऑक्सिजन कमी मिळतो. उकळत्या पाण्यातून काढणं: एन्झाइमची घडीच मोडते. स्वयंपाकघरातली ही चारही शहाणपणं संवेदकाच्या मुळावर येतात. खारट सांडपाण्यात आकडा कमी दिसतो. आम्लयुक्त पाण्यात कमी दिसतो. फळाच्या रसात जीवनसत्त्व क इलेक्ट्रोडच्या आधीच क्विनोन गाठतं, म्हणून गाडगं फिरतं पण मोजणी होत नाही. सडक्या नाल्यात ऑक्सिजन संपलेला असतो, म्हणजे एन्झाइमला कच्चा मालच नाही. म्हणून नमुना घेतल्यावर त्याची आम्लता साधारण उदासीनतेच्या जवळ आणायची, हवा मिसळायची, आणि त्याच पाण्यात माहीत असलेलं फिनॉल घालून आकडा कितीने वाढतो ते पाहायचं. हे न करता पट्टी बुडवून आलेला आकडा कुणी दाखवला, तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

शिवाय टायरोसिनेजला सगळी फिनॉलं चालत नाहीत. ऑक्सिजन बसवायची जागा आधीच दुसऱ्या गटाने अडवली असेल तर ते हात लावत नाही. तिथे लॅकेज उपयोगी पडतं, हा तांब्याचे चार अणू बाळगणारा दुसरा एन्झाइम. 1883 मध्ये योशिदा यांनी जपानी लाखेच्या झाडाच्या चिकात तो पहिल्यांदा ओळखला. चिकातल्या उरुशिऑल नावाच्या फिनॉलांना लॅकेज जोडत जातं आणि तो काळा, चकचकीत, टणक लेप तयार होतो. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या आणि काजूच्या कुळातलं. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, कपड्यावर त्याची खूण काळी होऊन बसते आणि धुऊन जात नाही, म्हणून परीट त्याने खुणा करायचे. त्यातलं द्रव्यही कॅटेकॉलच्याच घराण्यातलं, उरुशिऑलचं सख्खं नातेवाईक. कोकणात काजूच्या बिया भाजताना टरफलातून उडणाऱ्या तेलाने हात सोलवटतात, तेही फिनॉल जातीचंच.

शेवटी हिशेब. फिनॉलचं रेणुवजन 94. नळाच्या पाण्याची मर्यादा, लिटरला 0.001 मिलिग्रॅम, रसायनाच्या भाषेत सुमारे 10 नॅनोमोलर होते. (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं माप. नॅनोमोलर म्हणजे लिटरमागे मोलचा अब्जावा भाग, मायक्रोमोलर म्हणजे त्याच्या हजारपट.) नदीत सोडायच्या औद्योगिक सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, बरोबर हजारपट, म्हणजे 10 मायक्रोमोलर. पातळ थरांवरचे बहुतेक टायरोसिनेज संवेदक मायक्रोमोलरच्या टप्प्यात आरामात चालतात. नॅनोमोलरला पोचणारे आहेत, पण तिथे आकड्यांत गोंगाट वाढतो आणि थर किती चांगला बसला यावर सगळं ठरतं. म्हणून घरच्या नळापेक्षा कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी या पट्टीची आज खरी गरज आहे: जागेवर, काही मिनिटांत, दिवसातून चार वेळा. आकडा वाढलेला दिसला की तो नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेकडे पाठवायचा, आणि लाल रंगाची जुनी पद्धत पक्का निकाल देईल.

मोजता मोजता तयार होणारी क्विनोनं हळूहळू एन्झाइमलाच चिकटतात आणि त्याला निकामी करतात, जशी वांग्याच्या फोडीवरही काळी कड एका मर्यादेनंतर वाढायची थांबते. त्यामुळे नेहमीच्या पट्ट्या वापरून टाकून द्याव्या लागतात, आणि न वापरलेल्या फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवाव्या लागतात, दुधाच्या पिशवीशेजारी.